गाड्याचा खण

आमच्या ह्यांना लहान वस्तूंचं वेड होतं. लहान म्हणजे बोटभर, फार तर वीतभर. खरा नांगर अंगणात आडवा पडलेला असला तरी त्याच्याकडं ते ढुंकून बघायचे नाहीत. पण तोच नांगर कुणी बोटाएवढा करून दिला की तळहातावर घेऊन दारात उजेडाला जायचे, त्याचा फाळ आणि रुमणं निरखत उभे राहायचे. आत चुलीवरची भाजी करपली तरी त्यांना वास यायचा नाही. मी हाका मारायची, ते "आलो, आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

मी तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. मला लहान वस्तूंचं कौतुक नव्हतं. आमच्याकडं लहान वस्तू म्हणजे नवसाची. चांदीचा डोळा, चांदीचं पाऊल, रंगवलेला लाकडी पाळणा. असं काही दिसलं की माझ्या मनात आधी यायचं, हे कुणाचं असेल आणि ह्याच्या बदल्यात त्या माणसानं काय मागितलं असेल. हे भूमच्या कारकुनाचे चिरंजीव. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, राज्य गेल्यावर मराठी शाळेत मास्तर झाले. देवाधर्माच्या गोष्टी निघाल्या की "फिजूल आहे सगळं" म्हणून विषय संपवायचे. माझ्या माहेरच्यांसमोरसुद्धा म्हणायचे. माझ्या अंगाची आग व्हायची.

त्यांची बदली जळकोटच्या पलीकडं एका आडगावात झाली. जळकोटला एसटीतून उतरायचं आणि ओढ्याच्या कडेकडेनं चालत जायचं. पाटलांनी त्यांच्या घराला लागून असलेलं दोन खोल्यांचं माळवद, सपाट धाब्याचं घर, आम्हाला राहायला दिलं. आम्ही तिघं होतो. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिच्या आधीची माझी दोन बाळं महिन्याच्या आत गेली होती, त्यामुळं ही साधी शिंकली तरी मी रात्रभर जागी राहायची.

गावात ह्यांचा शब्द चालायला लागला तो सुईमुळं. उन्हाळ्यात आड तळाला गेला की पटकीची भीती असायची. पटकी म्हणजे उलट्या आणि जुलाब, सकाळचा धडधाकट माणूस दिवस मावळायच्या आत नाहीसा. तालुक्याहून सरकारी टोचणीवाला यायचा, आणि तो आला की अख्खं गाव शेतात जाऊन लपायचं. आम्ही गेलो त्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सदरा काढून आधी स्वतः सुई घेतली आणि मग माझ्या कडेवरची पोर ओढून घेऊन तिला टोचायला लावली. ती किंचाळली. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले, सगळ्या गावानं ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी पाटील आले, पाटलीणबाई आल्या आणि मग रांग लागली. "मास्तर म्हनत्यात म्हंजी काई तरी आसंल," असं लोक म्हणायला लागले. ह्यांना आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर तो ह्या एका वाक्याचा.

त्याच वर्षी कपाटाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. विहिरींवर इंजिनं यायला लागली होती. हे म्हणायचे, "अगं, ह्या पोरांची पोरं मोट बघणार नाहीत. तिफण बघणार नाहीत. मी त्यांना कुठून दाखवू?" म्हणून त्यांनी सगळ्या वस्तूंच्या बोटभर प्रती जमवायला सुरुवात केली. काही स्वतः केल्या, काही हौशी लोकांकडून करून घेतल्या. चामड्याची मोट, तिफण, कुळव, जातं, उखळ आणि मुसळ, पत्र्याची एक एसटीसुद्धा. ह्या वस्तू आधी माझ्या कोनाड्यात होत्या, मग डाळीच्या डब्यावर आल्या, मग देवघरात शिरल्या. तेव्हा मी निक्षून सांगितलं की एक तर ह्यांना जागा करा, नाही तर मी जागा करते, चुलीत.

लाकूड पाटलांच्या मोडक्या दाराचं मिळालं, जुनं सागवान. काच सोलापूरहून आणली. येताना एसटीत गोधडीत गुंडाळलेली काच माझ्या मांडीवर होती आणि मूल ह्यांच्या. प्रत्येक खड्ड्याला ते विचारायचे, "ठीक आहे ना?" आणि मी म्हणायची, "झोपलीय." मग त्यांच्या ध्यानात यायचं की मी मुलीबद्दल बोलतेय, आणि ते पुन्हा काचेचं विचारायचे.

ट्रेनिंगला असताना ते सुतारकाम शिकले होते, ते सगळं तिथं कामाला आलं. शाळा सुटली की अंगणात रंधा चालायचा. माझ्या धुतलेल्या धुण्यावर लाकडाचा भुसा बसायचा. सांधे चिकटवायला सरस शिजवायचा होता. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा करतात हे मला माहीत होतं. मी चुलीला हात लावू दिला नाही. मग तीन दगड मांडून त्यांनी बाहेर शिजवला आणि तो वास माझ्या घरात तसाही शिरलाच. आमच्या भिंती दगडमातीच्या, त्यांच्यात खिळा धरत नाही. त्यांनी बाभळीच्या जाड खुंट्या तासल्या आणि दगडांच्या सांध्यांत ठोकून त्यांच्यावर कपाट टांगलं, दाराच्या अगदी समोर, म्हणजे उंबऱ्यात पाऊल टाकणाऱ्याला आधी तेच दिसावं. प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खण. खरं सांगायचं तर कपाट देखणं झालं होतं. मी तसं म्हटलं नाही.

फक्त खालचा मोठा खण रिकामा राहिला. तो बैलगाडीसाठी होता. गाडी त्यांनी स्वतः करायला घेतली आणि तिथं त्यांचं घोडं अडलं. साटा म्हणजे गाडीचा सांगाडा जमला, जू जमलं, पण चाकं काही केल्या साधेनात. आरे बारीक केले की मोडायचे, जाड ठेवले की चाक भाकरीसारखं दिसायचं. तीनदा केली आणि तीनदा चुलीत टाकली. तो मोकळा खण मला आवडायचा नाही. येता-जाता नजर तिथंच जायची आणि कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटायचं. मी त्यात हळदीची डबी ठेवून दिली. त्यांनी ती उचलून मला परत आणून दिली.

होळी होऊन गेली होती. ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत मास्तरांची बैठक होती, तिथून हे चालत परत आले ते धोतराच्या सोग्यात काहीतरी धरून. चेहरा असा फुललेला की मला वाटलं पगार वाढला. सोगा सोडला तर आत गाडा. खणाच्या मापापेक्षा थोडा मोठा. जुनं, पावसापाण्यात पांढुरकं पडलेलं लाकूड, पण चाकं! एकेक आरा वेगळा बसवलेला, मधला तुंबा गोल तासलेला. ह्यांनी बोटानं ढकललं तर चाक कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"कुठं मिळाला?"

"ओढ्यात. शिवेवर बाभळीचं बन आहे ना, त्याच्या मुळांत अडकला होता. पुरानं आणला असेल. काय हात आहे बघ सुताराचा!"

मी हातात घेतला. साट्याच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला होता. चाकांच्या खाचांत कुठं कुठं लाल दिसत होतं. माझ्या हाताला ते लाकूड नको वाटायला लागलं. मी म्हटलं, "कुणीतरी वाहिलेला आहे हो हा. परत ठेवून या."

"कुणी वाहिला असता तर देवळात असता. ओढ्यातली वस्तू ओढ्याची."

माहेरी मी असंख्य वाहिलेल्या वस्तू बघितल्या होत्या, पण त्या सगळ्या देवाला दिलेल्या. गावाबाहेर टाकलेली वस्तू मी बघितली नव्हती. आमच्या घरच्या बायकांना वेशीपर्यंत जायची मुभाच नसायची. त्यामुळं माझी शंका शंकाच राहिली. त्यांनी कपाटाची मधली फळी कापून काढली, मोट आणि जातं वरच्या खणात सरकवलं आणि गाडा खाली बसवला. काचेचं दार लावून कडी घातली. मुलगी टाळ्या पिटत होती.

चैत्रात मी गौरीचं हळदीकुंकू केलं. त्या गावातलं माझं पहिलंच. आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजवले. कपाट नवीन, म्हणून बायकांना बसायला सतरंजी मुद्दाम त्याच्यासमोर अंथरली. बायका हसत-बोलत आल्या. पाटलीणबाई सगळ्यांच्या पुढं. त्या बसल्या, पदर सावरला आणि समोर बघून बोलता बोलता मधेच थांबल्या. त्यांच्या शेजारची थांबली. मग तिच्या शेजारची. मी वाट्या भरत होते, मला पाठीमागं एकदम शांत वाटलं म्हणून वळले. सगळ्या कपाटाकडं बघत होत्या. एकीनं मांडीवरच्या मुलाचं तोंड पदरात झाकून घेतलं.

मी कोयरी घेऊन पुढं झाले. पाटलीणबाईंनी कपाळ पुढं केलं नाही. "मला निघाया पायजे, बाई," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. मग सगळ्याच उठल्या. एकीनंही माझ्या हातचं कुंकू लावून घेतलं नाही, हरभऱ्यांना ओटी पसरली नाही. क्षणात घर रिकामं झालं. भरलेल्या वाट्या तशाच राहिल्या. मी सवाष्ण बाई, चैत्राचा महिना, आणि माझ्या दारातून सगळ्या सवाष्णी कुंकू न लावता गेल्या. 

उन्हं कलल्यावर पाटलीणबाई परसदारी आल्या. आत आल्या नाहीत. बाहेरूनच हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यो गाडा कुटनं आणलाव?"

मी सांगितलं.

"बाई, त्यो मरीआईचा गाडा हाय. पटकी लागली म्हंजी सुतार करतुया. मजुरी घेत न्हाय, म्या केला म्हनूनबी सांगत न्हाय. आईला त्यात बसवायची, खना-नारळानं वटी भरायची आन् शिवंपल्याड लावून द्यायची. मागं बगायचं न्हाय. पल्याडचं गाव फुडं ढकलतंय. आसा जातो त्यो गाडा, लांब. परत आणत न्हाईत कुनी." त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आन् तुमी आईला काचंत कोंडलाव."

हे घरी आल्यावर मी रडतच सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ता काढा, आत्ताच्या आत्ता. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "बिलकुल नाही."

"अहो, गाव तोंड फिरवतंय!"

"म्हणूनच. पटकी पाण्यातनं येते, मी वर्षभर घसा फोडून सांगतोय. आज गाडा काढला तर पटकी गाड्यातनं येते हे मीच कबूल केल्यासारखं होईल. उद्या सुईवाला आला तर मी त्यांना कुठल्या तोंडानं बसवू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला त्या वेळी त्यांचा संताप आला. खरं काय आणि खोटं काय ह्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. आम्ही ज्या आडाचं पाणी पितो तिथंच उद्या पाटलीणबाई मला घागर भरू देतील का, एवढंच मला दिसत होतं. मी कपाटावर जुनं लुगडं टाकून दिलं. त्यांनी ते घडी करून खाटेवर ठेवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं. मी आडावर गेले की बायका घागरी घेऊन बाजूला व्हायच्या, माझं पाणी भरून झालं की मग पुढं यायच्या. शाळेतली मुलं कमी होत गेली. जी यायची ती आमच्या घरावरून जाताना पळायची. मुलगी ओट्यावर एकटी बसून राहायची आणि मला विचारायची, माझ्याशी खेळायला का येत नाहीत. काचेमागचा तो गाडा दिवसभर दाराकडं तोंड करून असायचा. दुपारी झळा लागल्या की लाकूड तडकायचं आणि बारीक आवाज यायचा. मी दचकायची.

वैशाखात ओढ्याच्या वरच्या अंगाला एका गावात पटकी लागल्याची खबर आली. मग आमच्या गावातला एक म्हातारा गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याची सून. त्याच दिवशी टोचणीवाला सायकलवरून आला. हे त्याच्याबरोबर चावडीवर जाऊन बसले. दिवस मावळेपर्यंत बसले. एक माणूस आला नाही.

"ज्यानं आईला कोंडलं त्येच्या शब्दावर सुई घ्यायची?" असं लोक म्हणत होते. ते पाटलांनीच येऊन सांगितलं. पाटील उंबऱ्याबाहेर उभे होते, डोक्याचा पटका हातात.

"मास्तर, माजा तुमच्यावर राग न्हाय. तुमी आजाणतेपणी आणलाव. पर आणलाव तुमी, तवा न्यायाचाबी तुमीच. दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय त्येला. गाडा शिवंपल्याड जाऊ द्या, म्या सगळ्या गावाला रांगंत बसवतो. ही जबान हाय माजी."

आत मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ह्यांनी तिच्याकडं बघितलं. मग आमच्याकडंच मुक्कामाला असलेल्या टोचणीवाल्याला विचारलं, सुई घेतल्यावर किती दिवसांनी जोर धरते. तो म्हणाला, आठवडा तरी. ह्यांनी मान हलवली, उठले, काचेच्या दाराची कडी काढली आणि गाडा बाहेर घेतला. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हार होती ती, आणि मला मात्र आनंद झाला. छातीवरचा दगड उतरावा तसं हलकं वाटलं. आज ते आठवलं की जीव तुटतो, पण त्या दिवशी मी खूश होते.

सकाळी गाव जमलं. डफडं वाजत होतं. बायकांनी गाड्यावर हळदकुंकू टाकलं, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. ह्यांनीच गाड्याला सुतळी बांधून हातात धरली. काळी टोपी, धुतलेलं धोतर, आणि पाठीमागं धुळीत घरंगळणारा वीतभर गाडा. शाळेत मुलांना शिकवायला निघाल्यासारखे ताठ चालत होते. मी ओट्यावरून बघत होते. त्यांना सांगितलेलं होतं तसं त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

शिवेवर पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन उभे होते. त्यांना डफड्याचा आवाज गेला होता. ओढा ओलांडाल तर डोकं फोडू, असं त्यांनी ओरडून सांगितलं. मागं आमचं गाव. गाडा परत फिरवता येत नव्हता, पुढं जाऊ देत नव्हते. मला ते पाटलांनी नंतर सांगितलं. हे बनातल्या सावलीला उभे राहिले, दोन्हीकडं बघितलं आणि चक्क खाली बसले. गाडा मांडीशी घेतला.

म्हणाले, "मी इथं आहे तोवर गाडा इथंच आहे. इकडं येत नाही, तिकडं जात नाही. तेवढ्यात दोन्ही गावांनी सुई घ्या. सगळ्यांची झाली की मी ह्याला घेऊन कुठंतरी लांब जातो."

लोकांना ते पटलं. वर्षभर पाण्याचं सांगून जे पटत नव्हतं ते हे एका झटक्यात पटलं, कारण आई अडवून धरलेली होती आणि तेवढी सवड मिळाली होती. आमचं गाव रांगेत बसलं. पलीकडचंही तयार झालं. पण औषध संपलं, आणि टोचणीवाला सायकल मारत तालुक्याला गेला. तो येईपर्यंत ह्यांना तिथंच बसणं भाग होतं.

त्यांच्याजवळ कुणी जायचं नाही, आणि गेलं तर परत गावात यायचं नाही, असं ठरलं. मलाही सोडलं नाही. मी रोज पाणी उकळून घागर भरायची, भाकरी बांधून द्यायची, आणि पाटलांचा गडी लांबच्या एका दगडावर ते ठेवून पळून यायचा. माळवदावर चढलं की बनात पांढरं धोतर दिसायचं. मी मुलीला कडेवर घेऊन दाखवायची. ती हात हलवायची. एवढ्या लांबून त्यांना दिसत असेल का, मला माहीत नाही. वैशाखातलं ऊन, विरळ सावलीच्या बाभळी. मी त्यांच्यावर मनातल्या मनात ओरडायची, उठा, टाका तो गाडा आणि या. उठले असते तर पलीकडचं गाव सुईला बसलं नसतं, हे मला कळत होतं. तरी ओरडायची.

टोचणीवाला परतला आणि पलीकडच्या गावाचं काम उरकून त्यांना सांगायला बनात गेला. त्याला कुणाची बंदी नव्हती, आणि असती तरी त्यानं मानली नसती. तोच धावत माझ्या दारात आला. दगडावरची घागर गुरांनी पाडलेली होती म्हणाला, आणि मास्तरांनी ओढ्याची वाळू उकरून झिरा काढलाय, तेच पाणी प्यालेत. त्याचा चेहरा बघून पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

मी मुलीला पाटलीणबाईंच्या अंगावर टाकलं आणि पळाले. वेशीत दोघांनी अडवायला हात पसरले, मी त्यांना काय म्हटलं ते मला आठवत नाही, पण ते बाजूला झाले. हे वाळूत कुशीवर पडलेले होते. गाल आत गेलेले, हाताची कातडी भिजून सुकल्यासारखी सुरकुतलेली. डोळे उघडे होते. मी तोंडात पाणी घातलं, ते राहिलं नाही.

"सगळ्यांनी घेतली?" त्यांनी विचारलं. आवाज घोगरा, ओळखू न येणारा.

मी म्हटलं, "घेतली. दोन्ही गावांनी."

"बरं झालं," म्हणाले. पुढं बोलले नाहीत.

सुई त्यांनी सगळ्यांच्या आधी घेतली होती. टोचणीवाला माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. म्हणाला, सुईनं बहुतेक वाचतात, सगळेच वाचत नाहीत, आणि असलं पाणी पोटात गेल्यावर तर काही सांगता येत नाही. शिवेवरच त्यांना अग्नी दिला. गाडा कुणीतरी काठीनं ढकलून चितेत घातला. त्यानंतर दोन्ही गावांत एकही माणूस दगावला नाही. लोक हात जोडून म्हणत होते, आईनं मास्तराला घेतलं आणि गाव सोडलं. मी ऐकत होते. मला त्यांची तोंडं दाबावीशी वाटत होती. त्या माणसाला गढूळ पाण्यानं मारलं, आणि ते पाणी तो का प्याला हे त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत होतं?

मी मुलीला घेऊन तुळजापूरला आले. कपाट आणलं नाही, आतल्या वस्तूही आणल्या नाहीत. लहान मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि दिवस काढले.

काही वर्षांनी पाटलीणबाई देवीच्या दर्शनाला आल्या तेव्हा घरी आल्या. म्हणाल्या, एकदा येऊन जावा, शिवंवर मास्तरांची जागा बांधलीय. मी नको म्हटलं. मग राहवलं नाही. मुलीला माहेरच्यांकडं ठेवून एकटी गेले. जळकोटला उतरून त्याच वाटेनं चालत गेले.

बनात चौथरा होता. त्यावर शेंदूर लावलेला एक दगड, पुढं नारळाच्या करवंट्या, अंगारा. दोन्ही गावच्या बायका पोरं घेऊन आल्या होत्या, कारण उन्हाळा होता आणि वरच्या अंगाला कुठंतरी पुन्हा पटकी लागली होती. मला कुणी ओळखलं नाही. पुढच्या एका पोरसवदा बाईच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं, तिनं त्याचं डोकं दगडाला टेकवलं आणि अंगारा त्याच्या जिभेला लावला. मी तिला विचारलं, "बाळाला सुई टोचून घेतलीस का गं? टोचणीवाला आलाय म्हणे चावडीवर."

ती माझ्याकडं बघून हसली. भोळं, निर्धास्त हसू.

"सुई कशाला, बाई?" ती म्हणाली. "मास्तर हायत की."